दोरा माहेरी

माझ्या धाकट्या जावेबद्दल चार चांगले शब्द ऐकायचे असतील तर शेजारणीला विचारा. नाहीतर मण्यांच्या दुकानातल्या काकूंना विचारा, त्या स्टूल पुढे सरकवून सांगतील. मला विचाराल तर मी एवढंच म्हणेन की कानामागून आली आणि तिखट झाली. असं बोलणं बरं नव्हे, कळतं मला. पण चोपन्नाव्या वर्षी माणसानं खोटं कशासाठी बोलायचं?

ती या घरात आली तेव्हा मला माळा ओवायला लागून दहा वर्षं झाली होती. काकूंकडून मणी आणायचे, घरी बसून ओवायचे, आठवड्यानं तयार माळा नेऊन द्यायच्या. धाकटी तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला जायची. एका रविवारी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, मलाही शिकवा ना." शिकवलं. पहिल्याच दिवशी तासभर खपून तिनं चाळीस मणी ओवले, मला दाखवायला दोरा उंच धरला, आणि चाळीसच्या चाळीस मणी खालच्या टोकानं घरंगळून गेले. शेवटाला गाठच मारली नव्हती बाईनं! मी पोट धरून हसले. तीही हसली, आणि मग आम्ही दोघी कॉटखाली शिरून मणी गोळा करत बसलो. तेव्हा मला ती फार आवडायची. तिला काही येत नव्हतं ना, म्हणून.

सगळं मीच दिलं तिला. सुई कशी धरायची, दोऱ्याला मेण किती लावायचं, मण्याचं भोक आतून खरखरीत आहे का हे जिभेच्या टोकानं कसं ओळखायचं. आणि आमची घरची एक रीत, ती कुठल्या दुकानात शिकवत नाहीत. माळ संपली की दोरा फाशाच्या, म्हणजे मानेमागे अडकवायच्या आकड्याच्या, कडीतून काढायचा, गाठ मारायची, आणि उरलेलं शेपूट कापून टाकायचं नाही. ते आल्या वाटेनं पाच मण्यांतून मागे न्यायचं आणि सहाव्या मण्यात लपवायचं. याला मी म्हणते दोरा माहेरी पाठवणं. असं केलं की गाठीवरचा ताण वाटला जातो, आणि पुढे कधी दुरुस्ती निघाली तर हाताशी दोरा असतो. माझी माळ ओळखायची तर शेवटचे मणी चिमटीत धरून बघायचं. त्यात दोरा दुहेरी लागला की ती माझी. हे माझ्याशिवाय फक्त धाकटीला ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि धाकटी दिवसभर घरी बसायला लागली. आमचा ओटा एक, न्हाणी एक, आणि काम करायची खिडकीही एकच. ती ओवता ओवता गुणगुणते. एकच ओळ, तीही अर्धी. चहा पुढ्यात ठेवून विसरते, मग गार झालेला घटाघटा पिते आणि "छान झालाय हं" म्हणते. कुणी तिच्या माळेचं कौतुक केलं की लगेच, "मला काय येतंय, सगळं ताईंनी शिकवलं." लोकांना वाटतं किती नम्र! अहो, मला ते ऐकवत नाही. जिनं शिकवलं ती मागे राहिली, असाच त्याचा अर्थ होत नाही का?

आणि मग एका मंगळवारी तिचं ते खोकं आलं.

घरचं शिलाई मशीन विकून बयेनं माळांचं सामान मागवलं होतं. माझ्या धाकट्या दिरानं खोकं उचलून आणलं, आणि सगळं घर ते उघडायला जमलं. आमचे हेसुद्धा! माझी बावीस वर्षांची सुयांची डबी त्यांनी कधी हातात धरून पाहिली नाही. त्या खोक्यातून आधी चोवीस खणांचा डबा निघाला, प्रत्येक खणाला वेगळं झाकण. मग खाचांचा ट्रे, त्यावर मापं छापलेली, म्हणजे माळ ओवण्याआधीच मांडून बघायची. तीन पकडी निघाल्या, एक सपाट तोंडाची, एक गोल तोंडाची, एक तोडायची, तिन्हींच्या मुठी जांभळ्या. बारीक नळीसारखे धातूचे मणी होते. गाठ मारण्याऐवजी ते दोऱ्यावर दाबून बसवायचे म्हणे. एक लाकडी फिरकी होती. आणि सगळ्यात शेवटी निघाला भिंगाचा दिवा. वाकणारी मान, गोल भिंग, भोवती पांढरा उजेड.

माझ्याकडे काय होतं? एक स्टीलची ताटली, सुया, नखं कापायची कातर आणि दात.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "हात असला की ताटलीतही माळ होते."

"ते तुमचं हो, ताई," धाकटी म्हणाली. "आमच्यासारख्यांना टेकू लागतात." आणि तिनं तो दिवा लावून माझ्याकडे वळवला. "बघा ना, सुईचं नाक केवढं दिसतंय!"

मी बघितलं नाही. भाजी करपली असेल म्हणून उठले. भाजी अजून चढवलीच नव्हती.

आता ते सांगूनच टाकते. मला दिसेनासं झालं होतं. एकदम नाही, वर्षभरापासून हळूहळू. काळा आणि गडद निळा एकच दिसायचा, सुईचं नाक तर कधीच गेलं होतं. मी बोटांच्या अंदाजानं ओवत होते. सकाळी सगळे आवरत असताना दहा-बारा सुयांत दोरे ओवून ठेवायचे आणि दिवसभर त्या पुरवायच्या, म्हणजे कुणासमोर धडपड नको. डोळे दाखवून घ्यायचे, तर ते घरात कळणार, घरातून काकूंना कळणार. आणि नेमकं त्याच महिन्यात काकूंनी खुर्चीचं काढलं होतं.

काकू दुकानाच्या दर्शनी काचेमागे एक टेबल मांडणार होत्या. गिऱ्हाईक समोर उभं, आणि माळ तिथल्या तिथे बनवून द्यायची, तुटलेली तिथेच दुरुस्त करायची. टेबलाला एक खुर्ची. महिन्याचा बांधलेला पगार, आणि काचेवर बनवणारीचं नाव. काकू म्हणाल्या होत्या, "तुमच्या दोघींपैकीच एक बसवायची आहे. महिनाअखेर सांगते." दोघींपैकी! बावीस वर्षं मी त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि मला रांगेत उभं केलं. ती खुर्ची मला हवी होती. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानं मान वळवून बघावं की ही बाई हे काम करते, एवढं एकदा मला हवं होतं. घरात बसून ओवणाऱ्या बाईला कोण बघतं?

पारखून घ्यायला म्हणून काकूंनी आम्हा दोघींना एकाच पोत्यातले राखी रंगाचे काचेचे मणी दिले. पाच माळा तिनं करायच्या, पाच मी. राखी मणी, राखी दोरा, चंदेरी फासा. माझ्या डोळ्यांसाठी याहून वाईट रंग शोधून सापडला नसता.

एक दिवस धाकटी बाहेर गेली होती तेव्हा मी तिची फिरकी काढली. कबूल करते. लाकडाची वाटी, मध्ये दांडी. वाटीत मणी ओतायचे, वाकडी सुई आत धरायची आणि दांडी फिरवायची. मणी पळता पळता आपणहून सुईवर चढतात, असं ती आमच्या ह्यांना समजावत होती. मी फिरवली. काही नाही. जोरात फिरवली. तरी काही नाही. मग चिडून अशी गरकन फिरवली की वाटी उलटली आणि मूठभर मणी खोलीभर झाले. मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते तेवढ्यात ही दारात.

मला वाटलं आता बोलेल. तर हिनं पिशवी ठेवली, माझ्या शेजारी बसली आणि मणी वेचायला लागली. माझ्या हाताला चार लागेपर्यंत तिच्या मुठीत वीस. सगळे वेचून झाल्यावर म्हणाली, "ताई, सुईचं टोक मणी येतात त्यांच्या तोंडावर धरायचं. पाठ दाखवली की मणी चढत नाहीत."

तिनं माझा हात धरून फिरवून दाखवलं. अहो, चढले! सरसर सरसर, वीतभर दोरा डोळे मिटून भरला. मला इतका आनंद झाला की मी "अय्या" म्हणाले. आणि लगेच इतका राग आला की हात सोडवून घेतला. मी अर्धा दिवस ओवते ते हिचा चहा गार व्हायच्या आत होणार, आणि वर मला शिकवणार! मी म्हटलं, "खेळणं आहे नुसतं." ती म्हणाली, "हो ना," आणि वाटी पुसून ठेवली. भांडली असती तर काय बिघडलं असतं तिचं?

माझ्या पाच माळा मी दिल्या, तिनं तिच्या दिल्या. काकूंनी दहाही एकाच ट्रेमध्ये ठेवल्या. पंधरा दिवसांत चार खपल्या.

महिनाअखेर आम्ही दोघी दुकानात होतो. टेबल येऊन पडलं होतं, त्याच्यावरचा पुठ्ठाही काढला नव्हता. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, निळ्या गादीची. मी येता-जाता तिच्या पाठीवरून हात फिरवून घेतला होता. काकू आता तोंड उघडतील, मग उघडतील, म्हणून माझे कान तिकडेच. इतक्यात एक बाई तणतणत आत आली. कुठल्याशा कार्यालयातली, गळ्यात ओळखपत्र. तिनं रुमाल टेबलावर उलगडला. आत राखी मण्यांची माळ आणि बाजूला सुटा पडलेला फासा.

"पंधरा दिवस झाले नाहीत घेऊन," ती म्हणाली. "आज साहेबांसमोर कागद वाचत होते, आणि माळ सटकन खाली! सगळे हसले. असलं काम करता तुम्ही?"

काकूंचा चेहरा पडला. माझा मात्र उजळला, आता लपवून काय करू. मला वाटलं, सापडली! माझी माळ बावीस वर्षांत सुटलेली नाही. उरली कोण?

"फासा निघाला ना? मग सरळ आहे," मी म्हटलं, आणि सुटलेच. "ते दाबायचे मणी, काकू. पकडीनं चेपायचे आणि मोकळं व्हायचं. गाठ मारायला दम लागतो, हात बसावा लागतो. जांभळ्या मुठीच्या पकडी घेतल्या म्हणून कुणी कारागीर होत नाही. माणसानं आधी साधी गाठ शिकावी, मग फिरक्या फिरवाव्यात. मी काही कुणाचं नाव घेत नाही." नाव घ्यायचं बाकी काय ठेवलं होतं? ती गिऱ्हाईक बाईसुद्धा वळून धाकटीकडे बघायला लागली.

धाकटीनं माळ उचलली. उजेडाला धरली. मग शेवटचे मणी चिमटीत घेऊन अंगठ्याचं नख त्यांच्यावरून हळूच ओढत नेलं. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्यावर थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि माळ खाली ठेवली.

"हो काकू," ती म्हणाली. "माझीच आहे. चुकलं माझं. बाई, तुम्ही दहा मिनिटं बसा, मी आत्ता नीट करून देते."

काकूंनी मोठा श्वास सोडला. "मग आता वेगळं काय सांगायचं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मी आजच बोलणार होते. खुर्ची तुमची. उद्यापासून या. काचेवर नाव काय घालायचं तेवढं लिहून द्या."

खुर्ची माझी! माझ्या कानात नुसतं गरम झालं. आता शेवटचा डाव म्हणून, जरा तोरा मिरवायला म्हणून, मी ती माळ हातात घेतली. म्हटलं, बघू तरी कसं चेपलंय. बोटं आपोआप शेवटच्या मण्यांवर गेली. दोरा जाड लागला. दुहेरी. पाच मण्यांतून मागे गेलेला, सहाव्यात लपवलेला.

माझा दोरा. माहेरी पाठवलेला.

गाठही जागेवर होती, पक्की, माझ्या हातची. फक्त कडी त्या गाठीत नव्हती. दोरा कडीतून गेलाच नव्हता, शेजारून गेला होता, आणि मी हवेला गाठ मारून वर शेपूट लपवलं होतं. कडीची कड नुसती गाठीत चिमटली गेली होती, त्या जोरावर पंधरा दिवस टिकली. आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं! चेपलेला मणी सुटला असता तर माळेचे सगळे मणी सांडले असते. इथे एकही सांडला नव्हता. धाकटीला ते रुमाल उघडताक्षणी कळलं असणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

गप्प बसले असते तर काही बिघडणार नव्हतं. काकू कागद-पेन शोधत होत्या. धाकटी टेबलाचा पुठ्ठा काढायला लागली होती, माझ्यासाठी, आणि ती तिची अर्धी ओळ गुणगुणत होती. गुणगुणत! जशी काही वाटीभर साखर दिली शेजारणीला. आणि मला जे झालं ते पश्चात्ताप वगैरे नव्हतं, तुम्हाला खरं सांगायचं म्हणूनच हे सगळं सांगते आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला फिरकी. हिला दिवा. हिला डोळे. आणि आता मनाचा मोठेपणाही हिलाच? बावीस वर्षं घासून मी जी खुर्ची मिळवायची, ती ही मला सोडून देणार, आणि मी जन्मभर त्या खुर्चीवर बसून हिचे उपकार मोजणार?

"काकू," मी म्हटलं, "माळ माझी आहे."

काकूंनी वर बघितलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "बघा," त्या गिऱ्हाईक बाईला म्हणाल्या, "याला म्हणतात मोठी जाऊ. धाकटीवर आलेलं स्वतःवर घेते."

"अहो, घेते कसली! माझीच आहे!" मी ओरडले. मी नखानं सहाव्या मण्यातून शेपूट ओढून काढलं, दोरा उकलून टेबलावर ठेवला. "हे बघा. हे असं माझ्याशिवाय कुणी करत नाही."

"तिलाही तुम्हीच शिकवलंत ना," काकू म्हणाल्या. "तिनंही केलं असेल."

"ताई, जाऊ द्या ना," धाकटी हळूच म्हणाली. ते मी ऐकलं, आणि मग मला काही थांबवता आलं नाही. मी काकूंच्या गल्ल्यावरची सुई घेतली, दोरा घेतला, आणि त्या तिघींच्या समोर ओवायला लागले. सकाळी ओवून ठेवलेली नाही, आत्ताची, इथली. दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलं. सुईच्या उजवीकडून गेलं. पुन्हा केलं. डावीकडून गेलं.  पाचव्या वेळी मी सुई खाली ठेवली.

"दिसत नाही मला," मी म्हटलं. "वर्षभर झालं. झालं समाधान?"

काकूंनी सुई उचलून गल्ल्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "मग खुर्ची..." आणि तिथेच थांबल्या.

"मग खुर्ची तिची," मी म्हटलं. "विचारता काय? गिऱ्हाईक ताटकळलंय."

धाकटी बसेना. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि बाई खुर्चीच्या मागे उभी. मी खांदा धरून बसवली. बरीच जोरात बसवली, तेवढा अधिकार माझा. तिनं माळ पुढ्यात घेतली, सुईत दोरा घातला, एका झटक्यात, आणि फासा उचलला. 

"आधी कडी," मी म्हटलं. "मग गाठ. मग माहेर."

"हो ताई," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यामागे उभी होते. काचेबाहेरून एक माणूस चालला होता, तो थांबून आत बघायला लागला. मला काहीच दिसत नव्हतं, नुसतं राखी राखी. तिनं दोरा कडीतून घातला, ओढला. तिला कडी दिसत होती. तेवढ्याचाच मला इतका हेवा वाटला की मी तिच्या खांद्यावरचा हात काढूच शकले नाही.